बशांची चळत

४ फेब्रुवारी

काका,

तीर्थरूप लिहिलं की तुम्ही म्हणता, मी कसलं तीर्थ, मी आपलं डबकं. म्हणून नुसतं काका. सहा महिन्यांनी पत्र येतंय, तेव्हा आधी मनसोक्त रागावून घ्या आणि मग पुढे वाचा.

'भाड्याची शिडी' सापडली. दोन्ही रिळं.

तुमच्या कंपनीत फिल्म कापणारा तो चष्मेवाला होता ना, ज्याला तुम्ही सगळे कात्री म्हणायचात, तो गेल्या वर्षी वारला. त्याच्या सुनेने माळा साफ करायला काढला आणि चौदा डबे आमच्या संग्रहालयात आणून टाकले. घरात वास येतो, एवढंच म्हणाली आणि पोचही न घेता गेली. माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे. हातमोजे घालून टेबलाशी बसायचं, रीळ हाताने फिरवत एकेक चौकट भिंगातून बघायची, कुठे फाटलंय, कुठे चिकटलंय ते लिहून ठेवायचं. सातवा डबा उघडला तर पहिल्याच चौकटीत शिडी, आणि शिडीवर बाबा. मी इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या टेबलावरच्या बाई उठून पाणी घेऊन आल्या.

बाबा जाऊन अकरा वर्षं झाली आणि पडद्यावरचे बाबा मी आत्ता पहिल्यांदा नीट बघतेय. घर कोसळलं तरी चेहऱ्यावरची रेष हलत नाही. तुम्ही खाली, ढेरी सांभाळत, शिडी धरून खो खो हसताय आणि वर ते, न्याय द्यायला बसल्यासारखे.

पण खरी कमाल दुसऱ्या रिळात आहे. हॉटेलचं स्वयंपाकघर. टोपीवाली मोलकरीण बशांची ही एवढी चळत घेऊन येते. शिडीला धक्का लागतो, बाबांच्या अंगावर रंग सांडतो. ते शांतपणे खाली उतरतात, ब्रश खिशात ठेवतात आणि तिला एक थोबाडीत ठेवून देतात. ती दोनदा गोल फिरते, एक पाय बादलीत जातो, बादलीसकट ओल्या फरशीवरून घसरत ती थेट धुण्याच्या टबात बसते. आणि चळत तशीच हातात. एक बशी हललेली नाही. मग ती बशांकडे बघते, सुटकेचा निःश्वास सोडते, वरची एक बशी अलगद उचलून शेजारच्या स्टुलावर ठेवते, आणि तीच तेवढी पडून फुटते. काय डोकं बाबांचं. बशा फोडून हसवणारे छप्पन्न असतील, बशा वाचवून हसवणारा मी अजून पाहिला नव्हता.

आता कामाचं. मोठ्या नावांचे विनोदपट कुणीही जपतं. तुमच्यासारख्या बारक्या कंपन्यांच्या दोन-दोन रिळांना कुणी वाली नाही. पडण्याझडण्यावर हसणारा माणूस म्हणजे अडाणी, असं आमच्या प्रमुखांनाही मनातून वाटतं. जुनी फिल्म पेट घेते, म्हणून नव्या फिल्मवर नक्कल करून घ्यायची आणि मूळ जाळून टाकायची, असा आमच्याकडे नियम आहे. यंदा कोरी फिल्म मिळालीय फक्त चाळीस रिळांपुरती. ज्यांची नक्कल होणार नाही ती तशीच जळणार. मला माझ्या टेबलावरच्या फक्त एका सिनेमाची शिफारस करता येते, आणि ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्यायची आहे. तेव्हा तुम्हाला आठवेल ते सगळं लिहा. किती दिवस लागले, कुणी काय केलं. आणि ती मोलकरीण कोण? सुरुवातीच्या नावांच्या पाट्यांमध्ये तिचं नावच नाही.

तुमची,
भिंगवाली

११ फेब्रुवारी

पोरी,

रागावून झालं. छापखान्याच्या वरच्या खोलीत राहतो, खालचं यंत्र सुरू झालं की टेबल हलतं, त्यामुळे अक्षर असं आलंय. म्हातारपणाचा कंप नव्हे.

डबे सापडले हे वाचून बरं वाटलं. पण खरं सांगू, शिडी हा आमचा काही धड सिनेमा नव्हता. चार दिवसांत उरकलेला. दिग्दर्शकाला दुसरीकडे काम मिळालं होतं, त्याचा एक पाय दाराबाहेरच होता. त्या चौदा डब्यांत 'मिशीवाला जामीनदार' असेल बघ. त्यात दादा खरा दिसतो. न्हाव्याच्या खुर्चीत बसून खुर्चीसकट रस्त्याने जातो, चढ चढतो, उतार उतरतो आणि शेवटी त्याच दुकानात परत येतो, आणि तोवर अर्धीच मिशी झालेली असते. त्या खुर्चीला खालून दोरी होती आणि दोरी ओढायला मी. तीन दिवस माझे तळहात सोललेले होते. शिफारस करायचीच तर त्याची कर.

लोक म्हणतात पडायला काय लागतं. पडायला सगळं लागतं. पडण्याआधी माणूस सुखात दिसला पाहिजे, ही पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे, जिथे पडायचं तिकडे बघायचं नाही. आणि जमिनीवर आधी मांडी टेकवायची, कंबर कधीच नाही. थोबाडीत मारायची तर तळहात गालापासून वीतभर लांबून जातो, ज्याला बसते त्याने मान झटकायची. आमचे सिनेमे मुके, आवाज काढायची गरजच नव्हती, मग कुणी कुणाला हात कशाला लावील? हे मी दादाकडून शिकलो. माझ्याइतका मार खाल्लेला आणि एकही वळ नसलेला माणूस तुला सापडायचा नाही.

मोलकरणीचं म्हणशील तर अशा मुली येत आणि जात. कोण लक्षात ठेवणार.

वहिनींची तब्येत कशी आहे? दुसरा कानही गेला असं तू मागे लिहिलं होतंस. त्यांना या डब्यांचं काही बोलू नकोस. दादाच्या जुन्या गोष्टी निघाल्या की त्यांना त्रास होतो.

काका

१९ फेब्रुवारी

काका,

जामीनदार सापडला. चौथा डबा. खुर्ची चढावर वळते तिथे तुमची दोरी चार चौकटींपुरती दिसते, आता उभ्या जगाला कळणार. सिनेमा झकास आहे. तरी मी शिडीवरच अडून बसलेय, आणि का ते ऐका.

खुर्चीचा विनोद दोरीचा आहे. बशांचा विनोद माणसाचा आहे. बशा हातात घेऊन बाई आली की बघणारा मनात म्हणतो, झालं, आता फुटणार. थोबाडीत बसली, आता फुटणार. पाय बादलीत गेला, आता तर फुटल्याच. तीन वेळा तो श्वास रोखतो आणि तिन्ही वेळा फसतो. मी ते रीळ मागेपुढे करून किती वेळा पाहिलं, सांगितलं तर तुम्ही हसाल. आमचे प्रमुख एरवी पेन्सिलीने कान कोरत असतात, त्यांनाही बोलावून दाखवलं. ते हसले नाहीत, पण पेन्सिल खाली ठेवली. हे फार झालं.

एकच गोष्ट मला कळत नाही. तिची मान. वीतभर लांबून हात गेला आणि माणसाने स्वतःहून मान झटकली, तर खांदा आधी हलतो. मी तुमची झटकलेली मान शंभरदा पाहिलीय, दर वेळी खांदा आधी. हिचा खांदा हलतच नाही. मान जाते आणि मागून बाकीची बाई जाते. हे तिला कुणी शिकवलं? बाबांनी? आठवून सांगा, मला ते टिपणात लिहायचंय.

आईला काही बोलले नाही, बोलणारही नाही. तुम्हाला ठाऊक आहे, बाबांच्या सिनेमाचा विषय निघाला की ती उठून गॅलरीत जाते. आता तर तिच्याशी बोलायचं म्हणजे पाटीवर खडूने लिहावं लागतं. लहानपणीच्या गोवराने एक कान गेला तेव्हा निदान दुसरा तरी होता. तरुणपणी कंपनीच्या कपडेपटात बसून दुसऱ्यांचे झगे शिवले आणि आता खिडकीशी बसून दुसऱ्यांची वाळत घातलेली धुणी बघते. तिला एखाद्या संध्याकाळी शिडी दाखवावी, असं माझ्या मनात येतं. हसेल तरी.

अजून दोन डबे उघडायचे राहिलेत. त्यांच्यावर नाव नाही.

भिंगवाली

३ मार्च

पोरी,

उशीर झाला. डोळ्यांचा डॉक्टर, त्याचे थेंब, आणि थेंबांनी दोन दिवस सगळंच धुरकट.

नाव नसलेले डबे उघडू नकोस. कात्री काहीबाही कचरा जपून ठेवायचा, त्यात बघण्यासारखं काही नसणार. जुनी फिल्म किती भडकते हे मी तुला सांगायला नको. आमच्याच कंपनीत एक माणूस हाताला भाजून कायमचा अधू झाला. उगाच जिवाशी खेळ कशाला? ते डबे सरळ जाळायच्या यादीत टाक.

आणि वहिनींना शिडी दाखवू नकोस. हे मी गमतीने लिहीत नाहीये.

काका

९ मार्च

काका,

उघडले.

दोन्ही डब्यांत शिडीचे टाकून दिलेले तुकडे आहेत. कात्रीने नीट क्रमाने जोडून ठेवलेत. थोबाडीत मारायच्या प्रसंगाचे अकरा टेक. प्रत्येकाच्या सुरुवातीला पाटी, पाटीवर आकडा. पहिल्या दहांत बाबांचा हात तुम्ही सांगितलात तसाच, वीतभर लांबून जातो. ती मान झटकते, आधी खांदा, मग मान, शिकल्यासारखी. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी थांबवतं. बशा शाबूत, ती परत जागेवर जाऊन उभी राहते. आठव्या टेकनंतर कॅमेरा बंद करायचा राहिलाय. ती टोपी काढते, घाम पुसते, आणि इतका वेळ टोपीच्या कडेखाली अर्धं झाकलेल्या तिच्या तोंडावर दिवा येतो.

काका, ती आई आहे.

तेवीस-चोवीस वर्षांची. मी तिचा हात धरून शाळेत जायच्या आधीची. कपडेपटातली बाई मोलकरणीच्या वेषात काय करतेय, मला कळेना. मग मी अकरावा टेक पाहिला. तुमच्या सिनेमात गेलाय तो हाच. त्यात हात लांबून जात नाही.

सिनेमात ती टबात बसते, बशी फुटते आणि संपतं. या डब्यात पुढचं आहे. कॅमेरा चालूच आहे. ती टबातून उठायला बघते आणि पुन्हा बसते. डावा हात डाव्या कानावर. बाबा तिच्याकडे बघत नाहीत, वर दिव्याकडे बघून कुणाला तरी काहीतरी सांगताहेत. आणि तुम्ही मागे उभे राहून हसताय. टेक संपल्यावरही.

डावा कान. घरात मला सांगितलं गेलं, गोवर. आईने सांगितलं, बाबांनी सांगितलं, तुम्ही सांगितलंत. तिघांनी मिळून.

मी महिनाभर तिच्या मानेचं कौतुक करत होते. तिचा खांदा का हलला नाही याचं टिपण लिहिलंय मी, काका, शाईने लिहिलंय. आता खरं काय ते लिहा. थेंब घालून लिहा, नाही तर कुणाकडून तरी लिहून घ्या, पण लिहा.

२८ मार्च

पोरी,

तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं, ते कसं का होईना पाठवतो.

वहिनी कपडेपटात होत्या हे खरं. शिडीच्या वेळी ठरलेली मुलगी आली नाही, तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, या उभ्या राहतील का? दादा नको म्हणत होता. त्याचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि बायकोने पडद्यावर यावं हे त्याला मान्य नव्हतं. पण दिवस वाया जात होता.

सकाळपासून टेक होत होते. दिग्दर्शक म्हणे, बाईचा चेहरा येत नाही, मार खाल्ल्यासारखा दिसत नाही. दहावा टेक झाला. दादा माझ्याजवळ आला. मी शिडी धरून उभा होतो. तो हळूच म्हणाला, "आता लागणार आहे. तू हसू थांबवू नकोस."

मला कळलं होतं तो काय म्हणतोय ते. वहिनी माझ्यापासून चार पावलांवर होत्या, टोपी नीट करत होत्या. एक शब्द बोललो असतो तर पुरे होता. मी शिडी धरून राहिलो. मी त्या वेळी काय विचार करत होतो ते सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. काहीच करत नव्हतो. दादाने सांगितलं हसायचं आणि मी हसलो. लहानपणापासून मी तेच करत आलो होतो. टेक संपला हे मला कळलंच नाही, आणि कळल्यावरही थांबता येईना.

संध्याकाळी मीच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरने विचारलं, कसं झालं. त्या म्हणाल्या, पडले. पडद्याच्या मागे काय झालं असेल ते तुला घरात राहून माझ्याहून जास्त माहीत असेल. मी कधी विचारलं नाही. मग महिन्याभरात तुझी चाहूल लागली आणि सगळे त्यातच गुंतले. गोवर ही कल्पना माझी. तू चार वर्षांची होतीस आणि आईला हाक ऐकू का येत नाही असं विचारत होतीस.

तुझ्यापुढे हात जोडून एकच मागतो. ते रीळ राहू देऊ नकोस. नक्कल झाली की ते लोकांसमोर जाणार. अंधारात माणसं बसून हसणार, तुझ्या आईच्या कानावर हसणार, आणि वर दादाच्या डोक्याचं कौतुक करणार. वहिनींनी अर्धं आयुष्य जे गिळलं ते या वयात त्यांच्यासमोर भिंतीएवढं मोठं करून दाखवू नकोस. जामीनदार ठेव. शिडी जाऊ दे.

माझ्याशी बोलायचं नसेल तर समजू शकतो.

काका

१७ एप्रिल

काका,

शिफारस जामीनदारची केली. प्रमुखांनी विचारलं, इतके दिवस शिडी शिडी करत होतात, काय झालं? मी म्हटलं, पुन्हा पाहिल्यावर तितकीशी वाटली नाही. ते म्हणाले, मला तर तीच बरी वाटली होती. मी सही केली.

परवा जाळली. आमच्या गोदामामागे मोकळी जागा आहे, तिथे खड्डा आहे. एकेक रीळ सोडून पसरतात आणि लांब काठीने पेटवतात. वाळूने विझत नाही, पाण्याने विझत नाही. मी मुद्दाम समोर उभी राहिले, कारण हे दुसऱ्या कुणाच्या हातून व्हायला नको होतं. दोन्ही रिळं आणि दोन्ही डब्यांतले तुकडे मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत.

मला वाटलं होतं हलकं वाटेल. नाही वाटलं, पण बरोबर केलं असं वाटतंय. बाबांचा फोटो बैठकीच्या खोलीतून काढून ट्रंकेत ठेवला. आईने विचारलं नाही. आता तिला सांगणार आहे की मला सगळं कळलं, आणि ते आता कुठेही नाही, कुणी कधी बघणार नाही. इतकी वर्षं तिने एकटीने वाहिलं. निदान एवढं तरी तिला कळू दे.

तुम्हाला माफ केलं का, असं विचारू नका. अजून ठरलेलं नाही.

२६ एप्रिल

काका,

सांगितलं. पाटीवर लिहून सांगायला अख्खी दुपार गेली. पुसायचं, लिहायचं, पुसायचं. गोवराचं लिहिलं तेव्हा ती नुसती मान हलवत होती. तुम्ही लिहिलेलंही सगळं सांगितलं. शेवटी लिहिलं, रिळं जाळली, काळजी करू नकोस.

तिने माझ्या हातातून खडू घेतला आणि विचारलं, रिळं होती? म्हणजे अगदी परवापर्यंत होती? मी हो म्हटलं. तिने लिहिलं, पडणं नीट दिसत होतं? मी हो म्हटलं. मग तिने पाटी खाली ठेवली आणि आत जाऊन दार लावलं. दोन दिवस जेवण दाराशी ठेवतेय. माझ्याकडून काय चुकलं तेच मला कळत नाहीये.

आज बाहेर आली आणि तुमचा पत्ता मागितला.

२ मे

भावोजी,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. आजवर तुमची खुशाली तुमच्या भावाकडून आणि मग पोरीकडून कळायची.

पोरीने मला सगळं सांगितलं. तुम्हाला आधीच ठाऊक होतं हेही सांगितलं. ते मला त्याच वेळी कळलं होतं. अकराव्या वेळी तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत नव्हतात, गालाकडे बघत होतात. त्याचं मला आता काही नाही. त्या कंपनीत तुमच्या भावाला नाही म्हणणारं कोण होतं?

पण एक गोष्ट तुम्ही चुकीची लिहिलीत. माझा चेहरा येत नव्हता म्हणून ती थोबाडीत बसली नाही. चेहरा चांगला येत होता. ठरलं होतं असं की थोबाडीत बसली की मी चळत सोडायची, बशा फुटायच्या, आणि त्यांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. हशा त्यांचा. मी सकाळी सगळ्यांदेखत म्हटलं, बशा फुटल्या की हसू संपतं, नाही फुटल्या तर वाढत जातं. मी आधी सहज म्हटलं, मग दिग्दर्शकाने विचारलं म्हणून पुन्हा म्हटलं. दिग्दर्शक म्हणाला, करून बघू. तुमचे भाऊ म्हणाले, लोक हिला बघायला तिकीट काढत नाहीत. म्हणून ते दर वेळी मारून झाल्यावर लगेच थांबवत होते, पुढचं मला करूच देत नव्हते. दहा वेळा. दहाव्या वेळी मी दिग्दर्शकाला म्हटलं, यांना थांबवू नका म्हणावं. ते तुमच्या भावाच्या कानावर गेलं.

तुम्हाला कुणालाच माहीत नाही, मी दोन महिने कपडेपटात पडायला शिकत होते. जुने पडदे जमिनीवर टाकायचे, हातात पत्र्याच्या ताटल्या घ्यायच्या आणि पडायचं. तुम्हा दोघांना खिडकीतून बघून शिकले. मांडी आधी, कंबर कधीच नाही. कोपर अंगाला चिकटवून धरलं की चळत हलत नाही, हे मात्र कुणी शिकवलं नाही, ते माझं मी काढलं. माझ्या दोन्ही मांड्या काळ्यानिळ्या असायच्या. तुमच्या भावाला वाटलं दिवसभर उभं राहून होतं.

लागली तेव्हा कानात शिट्टी वाजायला लागली आणि बाकी सगळं बंद झालं. तुम्ही हसताय ते दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. त्या शिट्टीत मला एवढंच कळत होतं की हातात चौदा बशा आहेत, आणि आज त्या खाली आल्या तर मला पुन्हा कुणी उभं करणार नाही. गोल फिरले, ती पहिली गिरकी त्यांच्या हाताची होती. दुसरी मी घेतली. बादली तिथे मी ठेवली होती. बशी स्टुलावर ठेवायची हे तर कपडेपटात ताटल्या घेऊन पडायचे तेव्हापासून डोक्यात होतं. थोबाडीत त्यांची होती, भावोजी, पडणं माझं होतं.

पुढे वर्तमानपत्रात आलं, बशांची अफलातून कल्पना, आणि त्यांचं नाव. कात्रण त्यांनी पाकिटात ठेवलं होतं. सिनेमा लागला तेव्हा मी अंथरुणात होते, कानातून पू येत होता. उठले तोवर उतरला. मग कंपनीच बुडाली आणि सगळे म्हणाले, एकही प्रत उरली नाही. मी गॅलरीत उठून जाते ते पोरीला वाटतं त्रास होतो म्हणून. त्यांच्या पडण्याचं कौतुक ऐकवत नाही, म्हणून जाते.

आणि ती रिळं होती. माझी मुलगी दोन महिने ती हातात घेऊन बसली होती, इथून बसच्या चार थांब्यांवर. तुम्ही दोघांनी पत्रांत ठरवलंत की मला सोसणार नाही. एकाने सांगितलं, दुसरीने काडी लावली. मला विचारायला घरात पाटी होती, खडू होता. पोर आता रडते. तिच्यावर माझा राग आहे. एका घरात राहून राग धरणं कठीण जातं, पण जमतंय.

कान जायचा तो गेला, तो काही जाळून परत आला नाही. मी केलेली एकच गोष्ट होती आणि ती सगळ्यांनी पाहिली. ज्याच्या स्वयंपाकघरात चित्रण झालं तो हॉटेलचा मालक, दिवेवाले, तुम्ही, कात्री, थिएटरातली माणसं, पोर, पोरीचे साहेबसुद्धा. मी सोडून.

पोरीला म्हटलं, तू पाहिलंस तर सांग. ती सांगायला बसते आणि कानापाशी आली की रडते. रडणाऱ्याला विनोद सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय. माफी नको, थेंब नकोत, दादा काय म्हणाला ते नको. मी शिडीपासून टबापर्यंत कशी गेले, तेवढं लिहा. बादली पायात असताना मी खाली बघितलं का? चळत कितपत कलली होती? बशी ठेवताना थांबले ती पुरेशी थांबले का, की घाई केली?

तुम्ही हसला होतात, म्हणजे पाहिलं असणारच. लिहा.

वहिनी